नव्या मोटारीची निगा : घरच्या घरी

व्यापाऱ्याच्या घरी नवी मोटार येते तो दिवस सणासारखा असतो. दाराशी रांगोळी निघते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखले जाते, चाकाखाली लिंबू ठेवतात, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात आणि घरातील वडीलधारी मंडळी एकेकदा आत बसून पाहतात. गाडी घेण्यापूर्वी आपण दहा ठिकाणी चौकशी करतो, भाव करतो, कागदपत्रे डोळ्यांखालून घालतो. घेतल्यानंतर ती राखावी कशी, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. मग वर्ष-दीड वर्षात तिचा तजेला ओसरतो, बॉनेट निस्तेज दिसू लागते, दिव्यांच्या काचा पिवळट होतात, आणि 'हल्लीचा रंगच कच्चा' असा निवाडा देऊन आपण मोकळे होतो.

प्रस्तुत लेखक धान्याचा घाऊक व्यापारी आहे. मोटारीचे शास्त्र त्याने कोठे शिकलेले नाही. परंतु ज्याने चाळीस वर्षे वखार सांभाळली, त्याला ओल, धूळ, ऊन आणि उंदीर या चार शत्रूंची ओळख करून द्यावी लागत नाही. मोटारीचे शत्रूही नेमके हेच चार आहेत. थोडे वाचन, थोडी जाणकारांकडे केलेली विचारपूस आणि एक स्वतःची चूक, एवढ्या भांडवलावर हा लेख लिहिला आहे. सभासद बंधुभगिनींनी तो गोड मानून घ्यावा.

मोटार आणि आपला समाज

मोटारीच्या धंद्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ साली मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे याच कारखान्यातील फियाट आणि पद्मिनी या गाड्यांनी दोन पिढ्यांची सेवा केली. त्या काळी गाडी मिळविण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. त्यामुळे मिळालेली गाडी लोक जिवापाड जपत. आज गाडी मिळणे सोपे झाले आहे, आणि म्हणूनच कदाचित जपणे अवघड झाले आहे.

रंगाची कथाही ऐकण्यासारखी आहे. मोटारीच्या आरंभीच्या काळात गाडीला घोडागाडीप्रमाणे हाताने व्हार्निश व रंग देत, आणि एकेक हात वाळण्यात आठवडेच्या आठवडे जात. १९२४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूको नावाचा लवकर वाळणारा रंग आला आणि हे काम थोड्या अवधीत होऊ लागले. जुन्या मंडळींना आठवत असेल, पूर्वीची गाडी पॉलिश केली की फडक्यास गाडीचाच रंग लागत असे. त्या काळी वरचा थर हाच रंगाचा थर असे. आता तसे राहिलेले नाही, आणि हा फरक समजला म्हणजे पुढचे निम्मे काम झाले असे समजावे.

रंगाची घडण

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर एकावर एक असे साधारणतः चार थर असतात. पहिला थर गंजरोधक. संपूर्ण सांगाडा हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने हा थर चढविलेला असतो, त्यामुळे तो कोनाकोपऱ्यांतही पोचतो. त्यावर अस्तराचा रंग, त्यावर आपणांस दिसतो तो रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक असा क्लिअर कोट. हे सर्व कारखान्यात भट्टीत भाजून पक्के केलेले असते. चारही थर मिळून जाडी सुमारे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा ते सातवा हिस्सा. त्यातील क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या तुकतुकीवर आपण लुब्ध होतो, ती केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यावर उभी आहे.

क्लिअर कोटाचे काम दुहेरी आहे. तो खालच्या रंगाचे उन्हापासून रक्षण करतो, आणि त्याच्या सपाटपणामुळे प्रकाश एकसारखा परावर्तित होऊन चकाकी दिसते. त्यावर बारीक ओरखडे पडले की प्रकाश विखुरतो आणि रंग मलूल वाटू लागतो. रंग शाबूत असतो, वरचे आवरण तेवढे खरवडलेले असते. एकदा झिजलेला क्लिअर कोट घरी परत भरून काढता येत नाही. मुद्दल खर्चून बसल्यावर व्याज कोठून येणार? निगा राखण्याचे सर्व शास्त्र या एका वाक्यात आहे : मुद्दलास हात लावू नये.

एक चूक आणि तिची शिकवण

दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी गडद निळ्या रंगाची गाडी आली. दुकानात कामास असलेल्या एका तरुणास मी स्वतः सांगितले की रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी कोरड्या फडक्याने गाडी लख्ख पुसावी. त्याने एक दिवसही खाडा केला नाही. तीन-चार महिन्यांनी भर दुपारी बॉनेटवर नजर गेली, तो सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या शेकडो बारीक रेघा दिसल्या. मी त्या मुलास गिऱ्हाइकांदेखत नाही नाही ते बोललो. तो खाली मान घालून उभा राहिला.

पुढे बेळगावी एका वयस्क रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींना गाडी दाखविली. त्यांनी बॉनेटवरून पाण्याचा हात फिरवला आणि विचारले, "शेठजी, हे पुसले कोणी ते मी विचारत नाही, पुसायला सांगितले कोणी?"

मग त्यांनी उलगडा केला. आमच्या भागातील तांबडी धूळ ही जांभ्या दगडाची माती. तिच्यात लोहाचे कण असतात आणि गारगोटीची बारीक रेतीही असते. गारगोटीचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापावर ७ भरतो. काच सुमारे साडेपाच. जी रेती काचेस ओरखडू शकते तिच्यापुढे क्लिअर कोटाची काय कथा! रात्री गाडीवर दव पडते, दवाने धूळ चिकटते, आणि सकाळी त्यावर फडके फिरविले की फडक्याचा पॉलिश पेपर होतो. आम्ही रोज सकाळी भक्तिभावाने गाडी घासत होतो.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी त्या मुलाची मी क्षमा मागितली. गाडीवरील रेघा पुष्कळशा पॉलिशने निघाल्या. चारचौघांत बोललेले शब्द निघण्यास त्याहून अधिक वेळ लागला. चूक त्याने केली नव्हती, अज्ञान माझे होते. हा लेख लिहिण्याचे मुख्य कारणही तेच आहे, की आपण नोकरांस, ड्रायव्हरांस, मुलांस काम सांगतो तेव्हा आधी ते काम आपणांस ठाऊक असले पाहिजे.

यावरून पहिला नियम : कोरडी किंवा दमट धूळ फडक्याने कधीही पुसू नये. घाई असेल तर नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी, नाही तर गाडी तशीच न्यावी. धुळीने गाडी मळलेली दिसते, पण खराब होत नाही. खराब होते ती चुकीच्या पुसण्याने.

धुण्याची रीत

गाडी धुण्याची वेळ सकाळची किंवा सायंकाळची असावी. गाडी सावलीत व पत्रा हातास थंड लागेल अशी असावी. तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी जागच्या जागी वाळते व डाग सोडते.

साहित्य थोडेच लागते : दोन बादल्या, मोटारीचा शाम्पू, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा हातमोजा, पुसण्यासाठी दोन-तीन मोठे मायक्रोफायबर टॉवेल, आणि चाकांसाठी वेगळे फडके व ब्रश. भांडी घासण्याचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. भांड्यांचा साबण तूप-तेल काढण्यासाठी केलेला असतो, तो गाडीवरील मेणाचा संरक्षक हातही काढून टाकतो. कपड्यांच्या पावडरीचा क्षार तर रबर आणि प्लॅस्टिकलाही मानवत नाही.

क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. प्रथम केवळ पाणी. टपापासून खालपर्यंत पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. या वेळी हात लावू नये. चाकांच्या कमानीतील चिखल याच वेळी काढावा.

२. एका बादलीत शाम्पूचे पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी घ्यावे. हातमोजा शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, मग तो स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावा आणि पुन्हा शाम्पूत बुडवावा. रेती दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसते, गाडीवर परत जात नाही. दोन बादल्यांमागचा हेतू एवढाच.

३. टप, काचा, बॉनेट, दरवाज्यांचा वरचा भाग, मग खालचा भाग आणि शेवटी चाके, असा वरून खाली क्रम ठेवावा. सर्वांत जास्त रेती खालीच असते. हात गोल गोल न फिरविता सरळ रेषेत फिरवावा आणि जोर देऊ नये. घासण्यापेक्षा नुसता फिरविणे पुरे.

४. शाम्पू वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुवावे. शेवटी पाइपाचे तोंड उघडे ठेवून मंद धार वरून सोडली तर पुष्कळसे पाणी चादरीसारखे ओघळून जाते आणि पुसण्याचे काम कमी होते.

५. मोठा टॉवेल पत्र्यावर पसरून नुसता ओढून घ्यावा. पाणी आपोआप वाळू देऊ नये. बोअरच्या पाण्यातील क्षार मागे राहून पांढरे ठिपके पडतात. हे ठिपके काचेवर पडलेच तर पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून पुसावे आणि लगेच धुवावे.

मायक्रोफायबरचा गुण त्याच्या तंतूत आहे. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे केसाहूनही अतिसूक्ष्म असे तंतू चिरलेले असतात. ते धूळ पृष्ठभागावर न फरफटविता पोटात घेतात. हे टॉवेल इतर कपड्यांत धुऊ नयेत, त्यांस कपडे मऊ करणारे द्रव घालू नये, आणि एकदा जमिनीवर पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय रंगास लावू नये. टाकाऊ बनियन व बारदानाचे तुकडे चाकांसाठी ठेवावेत.

आरंभी उल्लेखिलेल्या कुंकवाच्या स्वस्तिकाविषयीही येथेच सांगतो. पूजा यथासांग करावी, परंतु कुंकू आणि हळद उन्हात रंगावर बसू देऊ नये, डाग राहतो. त्याच दिवशी पाण्याने धुऊन काढावे. ओल्या फडक्याने खसखसा पुसल्यास पहिल्याच दिवशी ओरखडे पडतात.

पॉलिश आणि वॅक्स यांतील भेद

हे दोन शब्द बाजारात एकाच अर्थाने वापरले जातात, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. पॉलिश म्हणजे अतिबारीक कण असलेला लेप. तो क्लिअर कोटाचा अंश खरवडून ओरखडे सपाट करतो. वॅक्स म्हणजे मेण. ते वर एक पातळ हात चढविते. पॉलिश वजाबाकी आहे, वॅक्स बेरीज. नव्या, निर्दोष गाडीस पॉलिशची गरजच नसते. प्रत्येक सर्व्हिसिंगला हौसेने पॉलिश करवून घेणे म्हणजे दर सहा महिन्यांनी मुद्दल खाणे होय.

वॅक्स मात्र घरी अवश्य लावावे. गाडी धुऊन पुसल्यावर हात फिरवून पाहावा. पृष्ठभाग खरखरीत लागला तर आत रुतलेले लोहाचे, डांबराचे कण असतात. ते क्ले बार नावाच्या मऊ मातीसारख्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून काढता येतात. नंतर वॅक्सचा अगदी पातळ हात द्यावा, थोडा वाळू द्यावा आणि स्वच्छ टॉवेलने पुसून काढावा. जाड थर दिल्याने संरक्षण वाढत नाही, केवळ पुसण्याचे कष्ट वाढतात. वॅक्स लावलेल्या पत्र्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उभे राहतात. ते पसरट होऊ लागले की पुन्हा लावण्याची वेळ आली असे समजावे. आपल्याकडील पावसात हा हात फार तर दोन-तीन महिने टिकतो.

नवी गाडी कारखान्यात भाजून पक्की झालेली असल्याने तिला वॅक्स लावण्यास थांबावे लागत नाही. एखादा दरवाजा गॅरेजमध्ये नव्याने रंगविला असेल तर मात्र महिना-दोन महिने थांबावे, कारण तो रंग आतून हळूहळू वाळत असतो.

सिरॅमिक कोटिंगविषयी पुष्कळ बंधू विचारतात. हा बहुधा सिलिकावर आधारलेला कठीण थर असतो आणि वॅक्सहून बराच अधिक काळ टिकतो. मळ कमी चिकटतो व धुणे सोपे होते. परंतु त्याने उडालेल्या खड्यांचा मार थांबत नाही, आणि चुकीच्या पुसण्याने त्यावरही रेघा पडतात. खड्यांपासून वाचविते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. ती महाग असते. गाडी विकत घेताना अशा वस्तू बिलात आपोआप चढविल्या जात असतील तर थांबून हिशेब करावा. एक शाम्पू, दोन बादल्या, चार टॉवेल आणि वॅक्सची एक डबी यांवर बहुतेकांचे काम भागते.

अहिंसेच्या दृष्टीने

आपल्या वाचकांस हा भाग विशेष महत्त्वाचा वाटेल. गाडीच्या निगेच्या वस्तूंत प्राणिज पदार्थ कोठे कोठे असतात, हे दुकानदार सांगत नाही, आपणच पाहावे लागते.

मेण अनेक प्रकारचे असते. काही वॅक्समध्ये मधमाश्यांचे मेण असते, आणि ते पोळे वितळवून काढतात. त्याऐवजी कार्नोबा वॅक्स घ्यावे. हे ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरील मेण असून वनस्पतिजन्य मेणांत सर्वांत कठीण गणले जाते. ते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून उन्हातही टिकते. मात्र डबीवर कार्नोबा लिहिले असले तरी त्यात इतर मेणाचे मिश्रण असू शकते, तेव्हा घटकद्रव्ये वाचावीत. पुसण्यासाठी विकली जाणारी खरी शॅमी ही मेंढीची कातडी असते. मायक्रोफायबर तिच्याहून चांगले काम देते. बारीक सांधे साफ करण्याच्या काही ब्रशांत डुकराचे केस असतात. नायलॉनचे ब्रश मिळतात, ते घ्यावेत. आसनांस चामड्याऐवजी कापडी किंवा रेक्झिनचे आवरण असावे, हे सांगावयास नकोच.

पाणी गाळून वापरण्याचा आपला परिपाठ येथेही उपयोगी पडतो. गाळलेल्या पाण्यातून रेतीही जाते. धर्म आणि व्यवहार दोन्ही साधतात. पाइप सोडून ठेवण्यापेक्षा बादलीने धुतल्यास पाण्याची मोठी बचत होते. चातुर्मासात अंगणात जीवजंतूंचा सुकाळ असतो, म्हणून धुण्यापूर्वी खालची जमीन पाहून घ्यावी आणि पाणी विहिरीकडे जाणार नाही अशी जागा निवडावी.

ओढ्यात किंवा नदीत चाके बुडवून गाडी धुण्याची सवय आपल्या भागात अजूनही दिसते. ती सर्वथा सोडावी. साबण, ग्रीस आणि तेल पाण्यात मिसळून जलचरांचा नाश होतो. काळी नदीच्या काठचे हे रान व्याघ्र प्रकल्पाचे आहे. दांडेली-अणशी म्हणून २००७ साली जाहीर झालेल्या या प्रकल्पास २०१५ साली नदीचेच नाव देण्यात आले. आपल्या गाडीच्या चकाकीची किंमत त्या पाण्यातील जीवांनी का द्यावी?

जोयड्याची ऋतुचर्या

शहरासाठी लिहिलेली पुस्तके आमच्या तालुक्यास लागू पडत नाहीत. काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा जलाशयाखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. माणसे हलली, पण हवा तीच राहिली. सह्याद्रीच्या माथ्यावरील या प्रदेशात वर्षाचे तीन ऋतू मोटारीस तीन प्रकारे छळतात.

*पावसाळा.* जून ते सप्टेंबर संततधार. पावसाने गाडी आपोआप धुतली जाते हा समज चुकीचा आहे. वरची धूळ जाते, पण खालचा चिखल साचत राहतो. आठवड्यातून एकदा तरी चाकांच्या कमानी आणि गाडीची खालची बाजू पाण्याने धुवावी. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की आत पाणी साठून गंज आतून खातो. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरखाली, पाने साचतात. तेथील वाट तुंबली तर पाणी गाडीच्या आत उतरते. ही पाने हाताने काढण्यास एक मिनिट लागते. पावसाळ्यापूर्वी वॅक्सचा एक हात आणि वायपरचे नवे रबर, एवढी तयारी मे महिन्यातच करावी.

*हिवाळा.* ऑक्टोबरपासून धूळ आणि दव यांची जोडी. रामनगर, अनमोड या बाजूच्या महामार्गावर रुंदीकरणाच्या काळात उडालेली तांबडी धूळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांस अधिक सांगणे नको. या दिवसांत कोरड्या काचेवर वायपर कधीही चालवू नये. आधी पाणी उडवावे, मग वायपर. उघड्यावर गाडी ठेवणाऱ्यांनी कव्हर वापरावे, परंतु मळक्या गाडीवर घालू नये, कारण वाऱ्याने ते हलते आणि खालची रेती घासते. प्लॅस्टिकची ताडपत्री तर मुळीच नको. धान्याच्या थप्पीवर हवाबंद ताडपत्री टाकली की खाली घाम येतो, हे आपण सर्व जाणतो. गाडीचेही तसेच होते. हवा खेळती राहील असे कापडी कव्हर घ्यावे.

*उन्हाळा.* मार्चपासून आंबा, फणस आणि काजू यांचा हंगाम, आणि त्यांच्या सावलीत गाडी लावण्याचा मोह. या झाडांचा चीक रंगावर पडून उन्हात भाजला की सहज निघत नाही. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. तापलेल्या क्लिअर कोटावर ती काही तासांतच खोल डाग पाडू शकते. म्हणून आठवड्याच्या धुण्याची वाट न पाहता दिसताक्षणी त्यावर ओले फडके काही मिनिटे ठेवून मऊ करावे व अलगद उचलावे, घासू नये. चिकासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हलकेच टिपावे, मग ती जागा धुऊन वॅक्स लावावे. उन्हानेच हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटच्या काचा पिवळ्या पडतात आणि डॅशबोर्डचा रंग उडतो. गाडी सावलीत लावणे आणि आतून काचेस पडदा लावणे हाच त्यावर स्वस्त उपाय.

याखेरीज दोन प्रसंग लक्षात ठेवावेत. अणशी घाटाने कारवारला जाऊन आल्यावर गाडी खालून धुवावी. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. रात्री रानातून प्रवास केल्यास दिव्यांकडे झेपावणारे असंख्य कीटक काचेवर व बंपरवर मरतात. त्यांचे अवशेषही रंगास खातात, तेव्हा ते लवकर भिजवून काढावेत. पण त्याहून बरे हे की, अडल्याखेरीज रात्रीचा प्रवासच करू नये. त्यात कीटकांचे रक्षण आहे आणि आपलेही.

गाडीच्या आत

आतील बाजूचा मुख्य शत्रू ओल. पावसाळ्यात भिजलेली छत्री, रेनकोट आणि चपला यांनी पायाखालचे कापड ओले होते, आणि चार दिवसांत बुरशीचा वास येऊ लागतो. धान्यातील ओल हुंगून ओळखणाऱ्या आपल्या मंडळींस हा वास अनोळखी नाही. रबरी पायपोस घालावेत व ते उचलून खालचे कापड वरचेवर पाहावे. ऊन पडेल त्या दिवशी चारही दरवाजे उघडून गाडी वाळवावी. एसीमध्ये हवा गाळणारी जाळी असते, ती पावसाळ्यानंतर बदलावी. डॅशबोर्ड किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसावा. तेलकट चकाकीचे द्रव वापरल्यास धूळ अधिक चिकटते आणि उन्हात काचेवर झळाळी येऊन समोरचे नीट दिसत नाही.

आता उंदीर. बॉनेटखालची ऊब त्यांस आवडते, आणि दात झिजविण्यासाठी ते वायरी कुरतडतात. धान्याच्या वखारीजवळ गाडी लावणाऱ्या आपल्यासारख्यांस हा धोका इतरांहून अधिक. वखारीच्या भिंतीस लागून गाडी ठेवू नये. डिकीत नमुन्याच्या पुड्या, सांडलेले दाणे, मुलांच्या खाऊचे तुकडे राहू देऊ नयेत. रोज सकाळी बॉनेट उघडून पाहावे, आणि गाडी आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी ठेवू नये. हवा येण्याच्या वाटांस तारेची बारीक जाळी गॅरेजमधून बसवून घेता येते. विष घालण्याची काहीच गरज नाही. वखारीत पिंजरा लावून दूर सोडून येण्याची रीत येथेही पुरते.

समारोप

एवढे वाचून कोणी म्हणेल, एका वाहनासाठी इतका खटाटोप कशाला? आपल्या धर्मात तर अपरिग्रह सांगितला आहे. शंका रास्त आहे. परंतु आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे मूळ वस्तूत न पाहता मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत पाहिले आहे. हाती असलेली वस्तू हेळसांडीने लवकर नासविणे आणि मग दुसरी घेणे, यात परिग्रह वाढतोच. जी गाडी पाच वर्षांऐवजी बारा वर्षे चांगली राहिली, तिने एका नव्या गाडीचे लोखंड, रंग, पाणी आणि पैसा वाचविला.

मर्यादा मात्र हवी. गाडीवर रेघ पडली म्हणून मुलावर हात उगारणे, धूळ बसेल म्हणून आजारी शेजाऱ्यास दवाखान्यात नेण्यास कचरणे, ही मूर्च्छेची लक्षणे होत. माझ्या बॉनेटवर आजही, ऊन तिरपे पडले म्हणजे, न निघालेल्या दोन-चार रेघा दिसतात. मिस्त्री म्हणाले होते, "आणखी पॉलिश मारले तर त्याही जातील, पण कोट पातळ होईल." मी त्या तशाच ठेवल्या आहेत. दुकानातील तो तरुण आता रविवारी सकाळी दोन बादल्या भरतो, एक माझ्याकडे सरकवतो, आणि आम्ही दोघे मिळून गाडी धुतो.

जय जिनेंद्र.